नान्युमाची खिळ्यांची पोती

ज्या दिवशी लान्सिनेची बायको गेली, त्या दिवशी तेनेनने त्याला शिवी दिली नाही. त्यावरूनच त्याला कळलं.

तो खाली खाणीत होता, आठ पुरुष खोल. दोर तीनदा हलला. वरून कोणीतरी हाक मारली, "वर ये, जेवायला चल." जेवायची वेळ नव्हती. पण खाणीच्या तोंडाशी मरणाची बातमी सांगत नाहीत. सांगितली तर सोनं आणखी खोल पळतं म्हणतात. लान्सिने वर आला तेव्हा दोर ओढणारे दोघे खाली मान घालून दोर गुंडाळत होते आणि शेजारी तेनेन त्राओरे उभी होती.

लान्सिने कोंदे घराण्यातला. कोंदे आणि त्राओरे यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं आहे. भेटले की आधी एकमेकांचा उद्धार करायचा, मग सलाम करायचा, आणि कोणी कोणावर रागवायचं नाही. तीस वर्षं तेनेन त्याला चवळीखाऊ म्हणत आली होती. भर बाजारात 'हा माझा गुलाम, पळून आलाय' असं लोकांना सांगत आली होती. त्या दिवशी ती म्हणाली, "लान्सिनेभाऊ, घरी चला."

भाऊ म्हणाली आणि चला म्हणाली. लान्सिने तिथेच मातीच्या ढिगावर खाली बसला.

नान्युमा तांबड्या माळावर सापडली होती. झाडाला टेकून बसली होती, कानाला हेडफोन, मांडीवर मशीन, आणि मशीन अजून गुणगुणत होतं. अंगावर जखम नव्हती, साप चावल्याची खूण नव्हती. दवाखान्यातल्या परिचारिकेने हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. पडतं कधीकधी, ती म्हणाली. दिवस मावळायच्या आत माती दिली.

जमिनीतलं सोनं शोधायचं ते मशीन नान्युमाने चार वर्षांपूर्वी आपल्या दोन गाई विकून घेतलं होतं. लांब दांडा, त्याच्या टोकाला गोल ताटली, आणि कानाला लावायचा हेडफोन. गावात पाचसहा जणांकडे तसली मशीनं येऊन गेली होती. पुरुषांनी महिना दोन महिने फिरवली, खिळेच निघतात म्हणून विकून टाकली. नान्युमाला मात्र सोनं मिळत राहिलं. थोडं थोडं, पण मिळत राहिलं. लान्सिनेला त्या मशीनचा राग होता. तो खाणकऱ्याचा मुलगा. सोन्यासाठी माणसाने जमिनीत उतरावं, घाम गाळावा, असं त्याचं मत. वरून फिरून ऐकत बसणं हे काही काम नव्हे. नान्युमा सकाळी निघाली की तो म्हणायचा, "चाललीस फिरायला?" ती हो म्हणायची.

सातव्या दिवशी घरी कोला वाटला, मयताच्या नावाने चघळायची कडू बी. बायका आल्या, बसल्या, रडल्या. पण कोला समोर धरला की हात मागे जायचे. एकीचा दात दुखत होता, दुसरीच्या पोटात बरं नव्हतं. तिसरीने घेतला आणि अंगणाबाहेर जाऊन कुंपणाशी टाकला. लान्सिनेच्या मुलीने, सारानने, ते पाहिलं आणि बापाला सांगितलं नाही. पण त्यानेही पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी फामोरो आला. खाणीवर कोणी कुठे खणायचं, भांडण झालं तर कोण चुकलं, हे ठरवणाऱ्या राखणदारांचा तो प्रमुख. वयाने सत्तरीचा, सरळ माणूस. चहा घेतला नाही.

"फिरवून बोलत नाही, लान्सिने. गावात म्हणतात, नान्युमाचा जिन्नाशी करार होता. सोनं त्याने द्यायचं, जीव हिने."

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणत नाही ते विचार. पायातलं कडं काढून बाई रानात जायची. चार वर्षं. आपल्याकडे तान्ह्या पोरीच्या पायातसुद्धा कडं असतं. जिन्न लोखंडाला आणि तांब्याला भितो म्हणून असतं. ते काढून जाणारी बाई कोणाला भेटायला जाते?"

लान्सिनेने न घेतलेला चहाचा पेला बाजूला सरकवला.

"आणि पोतं. संध्याकाळी जड पोतं पाठीवर घेऊन यायची. साऱ्या गावाने पाहिलंय. त्यात काय असायचं, सांग."

"मला माहीत नाही, काका."

"नवरा ना तू?"

लान्सिनेने कधी विचारलं नव्हतं.

फामोरोचा आवाज मग जरा उतरला. "चाळिसाव्याला तू तांदळाचे गोळे वाटशील. कोणी खाल्ले नाहीत तर त्याचं पुण्य तिला पोचणार नाही, हे तुला मी सांगायला नको. त्याच्या आधी ते मशीन नदीकाठी पुरून टाक. तांबडा बोकड काप. तिच्या नावाने माफी माग. मग लोक येतील. मी स्वतः आणतो त्यांना."

माफी मागायची म्हणजे करार होता असं कबूल करायचं. लान्सिने म्हणाला, "विचार करतो."

फामोरो गेल्यावर तो धान्याच्या कणगीमागे गेला. तिथे पोती होती. तीन भरलेली, तोंडं आवळून बांधलेली, आणि एक अर्धं. त्याने एका पोत्याच्या गाठीला हात लावला आणि काढून घेतला. उघडलं आणि त्यात खरंच काही निघालं तर? मेलेल्या बायकोवर आपणही संशय घेतोय हे त्याला कळलं, आणि कळूनही गाठ सोडायचा धीर झाला नाही.

सकाळी मशीन खांद्यावर टाकून तो तेनेनच्या दारात गेला. तेनेन चार वर्षं कुदळ घेऊन नान्युमाच्या मागे चालली होती. नान्युमाने ऐकायचं, तेनेनने खणायचं.

"मला हे शिकव."

तेनेनने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आठ दिवसांत प्रथमच तिच्या तोंडाला जरा धार आली. "कोंद्याला शिकवायचं? त्यापेक्षा माझं गाढव शिकेल. त्याचे कान तरी मोठे आहेत."

"त्राओरे बाईकडे कुदळ कशी आली? चोरलीस का?"

"तुझ्या आजाला विकला, त्या पैशात घेतली. थांब, चप्पल घालते."

माळावर पोचल्यावर तिने त्याला आधी नुसतं उभं केलं. मशीन चालू करून ताटली जमिनीवर वरखाली, वरखाली करायला लावली. तांबड्या दगडात लोखंड असतं, त्यामुळे कानात आधी नुसता गलका होतो. ताटली वरखाली करत राहिलं की तो हळूहळू बसतो आणि एक बारीक, सलग गुणगुण उरते.

"तिची रीत होती," तेनेन म्हणाली. "म्हणायची, जमिनीला आधी तिची बडबड करून घेऊ दे. ती दमली की मग चालायचं."

लान्सिने चालू लागला.

"कोयता नाहीये तो. गवत कापतोयस का? टोकाला ताटली वर उचलली जाते बघ. अंगण सारवतात तसं फिरव. सपाट. हळू. आणखी हळू. अरे, बायको असती तर झोपली असती म्हणण्याइतकं हळू."

तिच्या तोंडून ते निघून गेलं. ताटली थांबली. मग लान्सिनेच म्हणाला, "झोपली नसती. ती हसली असती." आणि पुन्हा फिरवायला लागला.

चौथ्या पावलाला मशीन ओरडलं. लान्सिनेने हेडफोन काढला, कुदळ घेतली, खणलं. काही नाही. पुढे गेला. पुन्हा ओरडलं. पुन्हा खणलं. पुन्हा काही नाही. असं दुपारपर्यंत चाललं. तेनेन लांब झाडाखाली बसून भाजलेल्या शेंगा खात होती.

"सोनंच सोनं आहे वाटतं आज," ती तिथून म्हणाली. "कोंद्यांचं नशीबच मोठं."

"मशीन बिघडलंय."

"असेल. खणत राहा."

तेविसाव्या खड्ड्यानंतर लान्सिने कमरेवर हात ठेवून उभा राहिला. खाणीत त्याने आयुष्य काढलं होतं, पण एका सकाळी इतकं फुकट कधी खणलं नव्हतं. त्याने हेडफोन पुन्हा लावला आणि न चालता, एका जागी उभं राहून, ताटली डावीकडून उजवीकडे नेली. डावीकडे गुणगुण. उजवीकडे ओरडणं. डावीकडे गुणगुण. उजवीकडे, पायाजवळ आली की ओरडणं. त्याने उजवा पाय मागे घेतला. मशीन गप्प झालं. पाय पुढे ठेवला. मशीन ओरडलं.

त्याने खाली पाहिलं. उजव्या पायात कडं होतं. लोखंडी, बोटभर जाड. नऊ वर्षांचा असताना, पहिल्यांदा खाणीत उतरायच्या आदल्या दिवशी, बापाने घातलेलं.

तेनेन उठून जवळ आली. आता ती हसत नव्हती. "किती खड्डे झाले?"

"तेवीस."

"मी तेवीस घरी सांगितलं. जास्तच असतील. कडं घातलं की मशीन बोंबलतं, म्हणून नान्युमा ते काढून ठेवते, दुसरं काही नाही, असं सांगितलं. लोक हसले. त्राओरे बोलली की थट्टाच असणार. तुला नुसतं सांगितलं असतं तर तूही हसला असतास."

लान्सिने हसला असता. त्याहून वाईट म्हणजे त्याला आठवलं, की नान्युमाने स्वतः त्याला सांगितलं होतं. मशीन आणलं त्या पहिल्या महिन्यात. माझं कडं याला चालत नाही हो, ती म्हणाली होती. तो म्हणाला होता, मग विकून टाक ते डबडं. आणि कूस बदलली होती. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

कडं निघता निघेना. चाळीस वर्षांत पाय वाढला होता, कडं नाही. शेवटी कुदळीचं टोक घालून तेनेनने ते फाकवलं. खाली कातडीचा पांढरा पट्टा होता. त्या पट्ट्याला वारा लागला. आठ पुरुष खोल, कडेची माती ढासळताना त्याला भीती वाटली नव्हती. उघड्या माळावर, भर उन्हात, मोकळ्या पायाने उभं राहायला वाटली.

"तिला भीती नाही वाटायची?"

"वाटायची की. पहिले सहा महिने गावाबाहेर पडलो की माझा हात धरायची. माळ आला की सोडायची आणि चालू लागायची. मी तर अजून काढलेलं नाही." तेनेनने आपल्या पायातलं तांब्याचं कडं दाखवलं. "म्हणून मी दहा पावलं मागे राहते."

लान्सिने तीस वर्षं त्या बाईबरोबर जेवला होता. ती भित्री आहे असा त्याचा समज होता. साप दिसला की ओरडायची.

पुढचे दिवस खिळ्यांत गेले. आता मशीन खोटं ओरडत नव्हतं, पण माळावर शंभर वर्षांचं लोखंड पडलेलं होतं. खिळे, सार्डिन मासळीचे रिकामे डबे, शिकाऱ्यांच्या काडतुसांची बुडं, सायकलच्या तारा. लोखंडाचा आवाज वर चढतो, कडक येतो. सोन्याचा कसा येतो ते तेनेनला नीट सांगता येत नव्हतं, कारण हेडफोन तिच्या कानाला नसायचा. "ती म्हणायची, शेजारच्या खोलीत कोणी कूस बदलली तर येतो तेवढाच. दोन्ही बाजूंनी फिरवलं तरी तसाच येतो. पायाने वरची माती लाथाडली तरी जात नाही."

आवाज आला की माती लाथाडायची. गेला तर वरचाच कचरा. राहिला तर खणायचं. खणलेली माती मूठमूठ ताटलीवर टाकायची, कुठल्या मुठीत आवाज आहे ते बघायचं. ती मूठ अर्धी करायची, परत अर्धी करायची. शेवटी तळहातावर एक गंजका खिळा उरायचा. लान्सिने तो भिरकावून द्यायचा.

"उचल," तेनेन एकदा म्हणाली.

"कशाला?"

"टाकलास तर परवा परत तोच सापडेल तुला. ती एकही टाकत नसे. आणि खड्डा बुजव. गुरांचे पाय मोडतात. ती बुजवल्याशिवाय पुढे जात नसे."

"कुठे ठेवायचे खिळे?"

"कुठे म्हणजे? पोत्यात."

लान्सिने कुदळ टाकून सरळ गावाकडे चालू लागला. तेनेन मागून हाका मारत राहिली. घरी येऊन त्याने कणगीमागची चारही पोती अंगणात ओढली आणि गाठी सोडल्या. खिळे. डब्यांची झाकणं. काडतुसं. मोडकी पाती, बिजागऱ्या, घोड्याचे नाल, एका पातेल्याचा कान. सगळं तांबडं, गंजलेलं, चार पोती. सारान चुलीवरून उठून आली आणि बघत उभी राहिली.

लान्सिनेने पहिल्या पोत्यातले खिळे मोजायला घेतले. दोनशेच्या पुढे सोडून दिलं. आता त्याला एका खिळ्याची किंमत कळत होती. एक खिळा म्हणजे थांबणं, हेडफोन काढणं, वाकणं, दगडासारखी माती फोडणं, मूठमूठ करून शोधणं, हाती काही नाही हे बघणं, खड्डा बुजवणं, आणि पुन्हा कान लावून चालू लागणं. तो स्वतः दहा खिळ्यांनंतर चिडायचा. आणि ही बाई संध्याकाळी घरी येऊन, पोतं मागे ठेवून, हात धुऊन भेंडीचं कालवण ढवळायला बसायची. चाललीस फिरायला, असं आपण म्हणायचो.

"बाबा, हे सोनं नाही?" सारानने विचारलं.

"नाही."

"मग आईने ठेवलं का?"

"काम होतं तिचं," लान्सिने म्हणाला.

एकतिसाव्या दिवशी त्याला सोनं सापडलं. एका जागेवरून तो दोनदा पुढे गेला होता. तिसऱ्या खेपेला गुणगुण जराशी जाड झाल्यासारखी वाटली. वाटली, की झाली, हे नक्की होईना. त्याने वरची माती लाथाडली. होतंच. उलट्या बाजूने फिरवलं. होतंच. हातभर खणल्यावर, शेवटच्या चिमटीत, ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी पिवळं निघालं. त्याला गंज नव्हता. तेनेनने ते तळहातावर घेतलं आणि बोटाने उलटसुलट केलं. मग म्हणाली, "एवढ्यासाठी तीन खेपा? ती असती तर पहिल्याच खेपेला थांबली असती."

"हो," लान्सिने म्हणाला. "थांबली असती."

सोमवारी खाणी बंद असतात. त्या दिवशी खणायचं नाही असा दंडक आहे, त्यामुळे सारे पुरुष गावच्या सावरीच्या झाडाखाली बसलेले असतात. लान्सिने गाढवाच्या गाडीवर चार पोती घालून तिथे आला. फामोरोसमोर त्याने ती एकेक करून उलटी केली. आवाज असा झाला की पलीकडच्या बायका विहिरीवरून धावत आल्या.

"काका, पोत्यात काय असायचं ते विचारलंत तुम्ही. हे असायचं."

लोक उठून जवळ आले. कोणी पायाने ढीग उसकटला. एक म्हातारा वाकून एक पातं उचलून म्हणाला, "हे तर माझ्या कोयत्याचं. चार वर्षांपूर्वी मोडलेलं. मी पोरांना मारलं होतं याच्यासाठी."

"त्यांची आता माफी माग," तेनेन गर्दीतून म्हणाली. काहीजण हसले.

मग लान्सिनेने आपला दाणा सगळ्यांना दाखवून मातीत वीतभर खाली पुरला, हेडफोन फामोरोच्या डोक्यावर बसवला आणि मशीन त्याच्या हातात दिलं. फामोरोने ताटली फिरवली. ती पायाजवळ आली तसा तो दचकला. पुन्हा पायाजवळ नेली, पुन्हा दचकला.

"हे पायापाशीच ओरडतंय."

"कडं काढा, काका. मग सोनं ऐकू येईल."

फामोरो आपल्या पायाकडे बघत राहिला. वाकलासुद्धा. कड्याला हात लावला आणि तसाच थांबला. मग त्याने हात काढून घेतला. पाय शक्य तितका मागे टाकून, दांडा लांब धरून, सगळं अंग वाकडं करून त्याने ताटली त्या जागेवर नेली. बराच वेळ ऐकलं.

"आहे," तो म्हणाला. "एवढुसं आहे."

हेडफोन काढून त्याने लान्सिनेला परत दिला. "माझ्याच्याने कडं काढवत नाही. गावात, भर दिवसा, तुम्ही सगळे असताना काढवत नाही. ती रोज काढून जायची." मग ढिगाकडे पाहत म्हणाला, "आणि जिन्नाशी करार केलेल्या बाईला जिन्न इतके खिळे काढायला लावील होय? एवढा कंजूष जिन्न मी ऐकला नाही."

"कोंदे असेल तो," तेनेन म्हणाली.

यावर लान्सिनेही हसला. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच.

चाळिसाव्याला सारानने शेजारणींना घेऊन पहाटेपासून तांदूळ कुटला. मध घालून गोळे वळले. फामोरो सगळ्यांच्या आधी आला आणि घरात न बसता मुद्दाम अंगणाच्या तोंडाशी, रस्त्यावरून दिसेल असा उभा राहून त्याने पहिला गोळा खाल्ला. मग लोक येत गेले. सातव्याला कोला कुंपणाशी टाकणारी बाई आली. तिने दोन गोळे खाल्ले आणि सारानला जवळ घेऊन बसली. इमामांनी दुआ मागितली, नान्युमाचं नाव मोठ्याने घेतलं.

दुपारी लान्सिने मशीन घेऊन माळावर निघाला. तेनेन दहा पावलं मागे होती. तिने विचारलं, "सगळे आले का रे?"

"नाही. तुमच्या बाजूची, नदीकाठची सात घरं नाही आली."

"फामोरोची बहीणसुद्धा?"

"तीसुद्धा नाही. सारानने त्यांचे गोळे वेगळे झाकून ठेवलेत."

"मी सांगते त्यांना."

"तुझं कोण ऐकतं? मीच जाईन."

तांबड्या मातीत नान्युमाने टाचेने ओढलेल्या रेघा अजून दिसत होत्या. कुठवर चाललं, कुठून पुढे चालायचं, ते कळावं म्हणून ती त्या ओढायची. लान्सिनेने शेवटच्या रेघेच्या पुढे पाय ठेवला, ताटली वरखाली केली आणि जमीन गप्प होण्याची वाट पाहत उभा राहिला.

नदीकाठच्या सात घरांनी नान्युमाच्या नावाचा घास अजून घेतलेला नाही. त्या सातही घरी लान्सिनेला जायचं आहे.